शुश्रूषा करणारांची शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द आपण सारे वापरतों. परंतु त्याचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानांत असतो. संस्कृतांतील 'श्रु' म्हणजे ऐकणें, या धातूपासून हा शब्द निघाला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळांत ऐकण्याची इच्छा. गुरूपाशीं बसून त्याचें बोलणें ऐकूं इच्छिणारा शिष्य त्याची सेवाहि करीत असे. त्यावरून या शब्दाला सेवेचा अर्थ आला, आणि आज तर आजाऱ्याची उठाबस करणें एवढाच अर्थ मागें राहिला आहे. परंतु जुना अर्थ अगदींच पुसला गेला आहे असें नाहीं. ज्यानें आपल्या घरीं वृद्ध माणसाची सेवा केली आहे त्याला ठाऊक आहे कीं या कामांत हातांच्या आधीं कान थकतात. पलीकडच्या खोलींतून रात्रीं-अपरात्रीं येणारी हांक, खोकल्याची उबळ, काठीचा आवाज, आणि कधीं कधीं या सर्वांपेक्षां भिवविणारी शांतता, हें सारें ऐकत कोणी तरी अर्धवट जागें असतें.

आज मला बोलावयाचें आहे तें या ऐकणाऱ्या माणसांविषयीं. सर्वांचें तीं ऐकतात. त्यांचें कोण ऐकतें? म्हाताऱ्या आईबापांची, सासूसासऱ्यांची, नवऱ्याची किंवा बायकोची सेवा करणारें असें माणूस बहुतेक घरांतून कधीं ना कधीं असतेंच. त्याच्या श्रमांची दखल राज्यानें केव्हां घेतली, कशी घेतली, आणि ती घेण्यास एवढा विलंब कां लागला, याचा इतिहास इंग्लंडांत सनावळीसह उपलब्ध आहे. तोच आज आपल्यापुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

इंग्लंडचें नांव काढतांच कित्येकांच्या मनांत एक शंका येईल. तिकडे मुलें वयांत आलीं कीं वेगळीं होतात आणि म्हातारीं माणसें आश्रमांत जाऊन पडतात. तेथें घरच्या शुश्रूषेला इतिहास तो कसला असणार? ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आपल्याला थोडें मागें गेलें पाहिजे.

इ. स. १६०१ मध्यें, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या अखेरीअखेरीस, तेथें गोरगरिबांच्या पोषणाचा सुप्रसिद्ध कायदा झाला. प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीनें, आपल्या निराधारांसाठीं कर बसवावा असें त्यानें ठरविलें. त्याबरोबर त्यांत दुसरेंहि एक कलम होतें. म्हातारा, आंधळा, पांगळा किंवा अशक्त असा जो कोणी निर्धन मनुष्य असेल त्याच्या आईबापांनीं, आजाआजींनीं आणि मुलांनीं, त्यांची ऐपत असल्यास, स्वखर्चानें त्याचें पोषण करावें. न केल्यास दरमहा २० शिलिंग दंड भरावा. आईबापांना सांभाळणें हा केवळ धर्म नसून तो कायदाहि आहे, असें इंग्लंडांत सव्वाचारशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें होतें.

हा कायदा पुढें अनेक वेळां बदलला. १८३४ सालीं त्याला कठोर रूप आलें आणि 'वर्कहाउस' या गरीबखान्याचें नांव ऐकतांच गोरगरिबांच्या उरांत धडकी भरूं लागली. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी गांठलेल्या गरजू वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत सरकारी वेतन मिळूं लागलें. अखेर १९४८ सालीं राष्ट्रीय साहाय्याचा नवा कायदा झाला; त्याच्या पहिल्याच कलमानें जुना गरीब-कायदा रद्द झाला आणि आईबापांना पोसण्याची मुलांवरील कायदेशीर सक्तीहि त्याबरोबर संपली.

आतां या साडेतीनशें वर्षांच्या कायद्याकडे पाहिलें तर काय दिसतें? पैसा कोणीं द्यावा हें त्यानें सांगितलें. उशाशीं कोणीं बसावें हें सांगितलें नाहीं. अंथरूण कोणीं बदलावें, घांस कोणीं भरवावा, भ्रमिष्ट झालेल्या वडिलांना दारांतून परत कोणीं आणावें, याविषयीं कायदा मुका होता. तें काम घरांत आपोआप होतें असें त्यानें गृहीत धरलें. आणि घरांत जें काम आपोआप होतें त्याच्यामागें बहुधा कोणी तरी एक स्त्री उभी असते.

सक्ती उठल्यावर काय झालें? पुष्कळांना वाटलें कीं मुलें आतां आपलीं कर्तव्यें सरकारवर ढकलून मोकळीं होतील. तशी ओरडहि सुरू झाली. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञानें लंडनच्या पूर्व भागांतील बेथ्नल ग्रीन या कामकरी वस्तींत घरोघर जाऊन वृद्धांची चौकशी केली आणि १९५७ सालीं तिचा वृत्तान्त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्याला आढळलें तें नेमकें उलट होतें. वस्तींतील बहुतेक वृद्ध आपल्या लेंकीसुनांच्या नित्य संबंधांत होते. दुखलेंखुपलें तर धांवून येणारी बहुधा मुलगीच होती. आश्रमांचा आसरा घ्यावा लागे तो विशेषेंकरून ज्यांना मूलबाळ किंवा जवळचें माणूस नव्हतें त्यांना. कायद्याचें बंधन गेलें, पण सेवा गेली नाहीं. तेव्हां कुटुंबें आपलें कर्तव्य करीत होतीं कीं नाहीं, हा प्रश्नच खरा नव्हता. तें कर्तव्य कोणाच्या अंगावर पडत होतें आणि त्याची किंमत ती व्यक्ति काय मोजीत होती, हा प्रश्न होता. आणि तो अजून कोणीं विचारलाच नव्हता.

हें ओझें कोणावर पडत होतें तें समजण्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटनचे सुमारें सात लाख सैनिक कामास आले. १९२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्स मिळून पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या सतरा लाखांहून अधिक भरली. त्या पिढींतील असंख्य मुलींचीं लग्नें झालीं नाहींत. शिवाय शिक्षिकेनें किंवा मुलकी खात्यांतील स्त्रीनें लग्न केलें तर तिला बहुधा नोकरी सोडावी लागे. हा निर्बंध शिक्षिकांच्या बाबतींत १९४४ सालीं आणि मुलकी नोकरींत १९४६ सालीं उठला. म्हणजे जी नोकरी करी ती बहुधा अविवाहित राही, आणि जी अविवाहित असे तिला आपल्या पोटापुरतें मिळवावें लागे.

आईबाप ऐंशीच्या घरांत आले कीं भावंडांची नजर हिच्याकडे वळे. भाऊ संसारांत, बहिणी आपापल्या घरीं. 'तुला काय, तूं तर मोकळीच आहेस' हें वाक्य मराठी घरांतहि अपरिचित नाहीं. वस्तुतः ती मोकळी नव्हती. स्वतःचा चरितार्थ चालविणारें तिच्यावांचून दुसरें कोणी नसे. तिनें पन्नाशीच्या आगेंमागें नोकरी सोडली म्हणजे पगार बुडे. पगाराबरोबर विम्याची वर्गणी थांबे, आणि वर्गणी थांबली म्हणजे पुढें तिचें स्वतःचें निवृत्तिवेतन कमी होई. दहा-पंधरा वर्षांनीं आईबाप जात तेव्हां तिला नव्यानें कामावर घेण्यास कोणी तयार नसे. आयुष्यभर दुसऱ्याच्या म्हातारपणाची तरतूद केलेल्या या स्त्रीच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद मात्र कोठेंच नसे.

अशांपैकींच एक मेरी वेब्स्टर. ही काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्यें धर्मोपदेशिका होती. १९५४ सालीं, ऐन उमेदीच्या वयांत, तिनें आईवडिलांच्या सेवेसाठीं आपलें काम सोडलें. जवळजवळ नऊ वर्षें ती ही सेवा मुकाट्यानें करीत होती. १९६३ सालीं तिनें वर्तमानपत्रांना पत्र लिहिलें. घरीं वृद्धांची सेवा करणाऱ्या अविवाहित स्त्रीची स्थिति नजरकैदेंत असलेल्या माणसासारखी आहे, असा त्यांतील आशय होता. लक्षांत घ्या, सेवा नको असें तिनें म्हटलें नाहीं. आईवडिलांना कोठें तरी ठेवून द्यावें असेंहि सुचविलें नाहीं. आम्ही आहों, आणि आम्ही कोणाला दिसत नाहीं, एवढेंच तिचें म्हणणें होतें.

त्या पत्राला जें उत्तर आलें त्याची तिलाहि कल्पना नसावी. देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रियांचीं पत्रें येऊं लागलीं. प्रत्येकीला वाटत होतें कीं आपली ही एकटीचीच कथा आहे. या प्रकारच्या दुःखाचा विशेष हाच कीं तें चार भिंतींच्या आंत असल्यामुळें शेजारच्या घरांतील त्याच दुःखाशीं त्याची गांठ पडत नाहीं. गिरणींतील कामगार एकत्र येऊन संप करूं शकतात. उशाशीं बसलेली मुलगी सभेला कशी जाणार? वेब्स्टरनें टपालाच्या आधारानें ती गांठ घालून दिली, आणि १९६५ सालीं 'अविवाहित स्त्री व तिच्यावर अवलंबून असणारीं माणसें यांची राष्ट्रीय परिषद' स्थापन केली. या लांबलचक नांवांतच एक मोठें सत्य होतें. अविवाहित मुलगी आईबापांच्या आश्रयानें राहते असें लोक समजत. खरें पाहतां आईबापच तिच्या आश्रयानें राहत आहेत, हें त्या नांवानें जगाला सांगितलें.

परिषदेला पहिलें यश १९६७ सालीं मिळालें: आईबापांना सांभाळणाऱ्या अशा स्त्रियांना प्राप्तिकरांत सवलत मिळाली. सवलत लहान होती, परंतु या सेवेला खर्च आहे ही गोष्ट सरकारी दप्तरांत प्रथमच नोंदली गेली. १९६९ सालीं मेरी वेब्स्टर मरण पावली. तिच्या कार्याचीं पुढचीं फळें तिला पाहावयास मिळालीं नाहींत. १९७१ सालीं ज्यांना दिवसा किंवा रात्रीं सतत कोणी तरी जवळ लागतें अशा रुग्णांना परिचर्येचा भत्ता मिळूं लागला. हा भत्ता आजाऱ्याच्या नांवें होता; सेवा करणाराचें नांव त्यांत अजून नव्हतें.

येथें क्षणभर थांबून एक निराळीच हकीकत सांगतों. कारण पैशापेक्षांहि निकडीची एक गरज तिच्यामुळें उघड झाली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्या काळीं 'क्रॉसरोड्स' नांवाची एक कौटुंबिक मालिका फार लोकप्रिय होती. तींतील एक पात्र अपघातानें पांगळें होऊन चाकांच्या खुर्चीवर बसतें असें दाखविलें होतें. रग्बी या गांवीं आपल्या आईच्या आधारानें राहणाऱ्या एका अपंग तरुणानें मालिकावाल्यांना कळविलें कीं, खरें आयुष्य असें नसतें. रोज अंथरुणांतून उचलणें, अंघोळ घालणें, कपडे चढविणें हें सारें करतां करतां घरचें माणूस कसें पिचून जातें तें तुमच्या मालिकेंत कोठेंच दिसत नाहीं. मालिकावाल्यांनीं त्याचा सल्ला घेतला, इतकेंच नव्हे तर त्या दूरचित्रवाणी कंपनीनें १०,००० पौंडांची देणगी दिली, आणि तींतून १९७४ सालीं रग्बी येथें एक योजना सुरू झाली. योजना अगदीं साधी होती. शिकविलेला एक मदतनीस ठरल्या वेळीं घरीं यावयाचा. घरचें माणूस जें काम करतें तेंच, त्याच्याच पद्धतीनें, त्यानें तेवढा वेळ करावयाचें. आणि घरच्या माणसानें बाहेर जावें, झोंप काढावी किंवा नुसतें स्वस्थ बसावें. ही योजना पुढें देशभर पसरली. आजाऱ्याला घरांतून हलवूं नये, सेवा करणाराला मात्र थोडा वेळ हलूं द्यावें, ही तिच्यामागची दृष्टि होती. विश्रांति ही सेवेंतून पळवाट नसून तीच सेवेला टिकविते, हें त्या लहानशा गांवच्या प्रयोगानें पटवून दिलें.

आतां पुन्हां कायद्याकडे वळूं. १९७५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यान्वयें, १९७६ च्या जुलैपासून, ब्रिटनमध्यें एक नवा भत्ता सुरू झाला. परिचर्येचा भत्ता घेणाऱ्या रुग्णाची आठवड्यांतून निदान ३५ तास सेवा करणारा आणि त्यामुळें नोकरी करूं न शकणारा जो नातेवाईक असेल, त्याला स्वतःच्या नांवें दर आठवड्यास ठराविक रक्कम मिळूं लागली. सेवा करणाराच्या हातीं राज्यानें दिलेला हा पहिला पैसा. पण कायद्यांत एक अपवाद होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रीला हा भत्ता मिळावयाचा नव्हता. विवाहित पुरुषानें नोकरी सोडून सेवा केली तर त्याला भत्ता. अविवाहित मुलीनें केली तर तिला भत्ता. विवाहित स्त्रीनें केली तर मात्र कांहीं नाहीं. सरकारनें १९७४ सालींच याचें कारण देऊन ठेविलें होतें. ती नाहीं तरी घरींच असावयाची, हें तें कारण!

श्रोतेहो, या कारणावर थोडा विचार करण्यासारखा आहे. त्यांत द्वेष नव्हता, कंजूषपणा थोडासा असेल; परंतु मुख्यतः त्यांत होती ती जुनी संवय. १६०१ च्या कायद्याला जें काम आपोआप होतें असें वाटलें, तेंच काम पावणेचारशें वर्षांनंतरच्या कायद्यालाहि आपोआपच होतें असें वाटत होतें. अविवाहित मुलीच्या तक्रारीनें भिंतीला एक खिंडार पडलें. पण त्यांतून सून आणि विवाहित लेंक बाहेर येऊं शकली नाहीं.

१९८० च्या सुमारास या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या विदुषी पुढें आल्या. त्या वेळीं सरकारचें धोरण असें कीं वृद्धांना मोठ्या संस्थांतून न ठेवतां समाजांत ठेवावें. धोरण उत्तमच होतें. परंतु जॅनेट फिंच आणि डल्सी ग्रोव्हज या दोघींनीं दाखवून दिलें कीं 'समाजाकडून सेवा' याचा व्यवहारांत अर्थ 'कुटुंबाकडून सेवा' असा होतो, आणि 'कुटुंबाकडून सेवा' याचा अर्थ 'घरच्या स्त्रीकडून सेवा' असा होतो. १९८३ सालीं त्यांनीं संपादिलेल्या ग्रंथाचें नांव 'प्रेमाचे श्रम' अशा अर्थाचें आहे. प्रेम असलें म्हणून श्रम नाहींसे होत नाहींत, आणि श्रमांचा हिशेब मांडला म्हणून प्रेमाला उणेपणा येत नाहीं. हे दोन्ही अर्थ त्या नांवांत आले आहेत.

याच सुमारास, १९८१ मध्यें, ज्यूडिथ ऑलिव्हर हिनें एक नवी संस्था काढली. तिचा नवरा अपंग होता आणि ती त्याची सेवा करीत असे. तिच्या संस्थेचें दार स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित, मुलगी-सून-नवरा-बायको अशा सर्वांना खुलें होतें. या सर्वांना एका ओळींत बसविणारें नांव मिळालें तें 'केअरर', म्हणजे काळजी वाहणारा. आज तो शब्द इंग्रजींत इतका रुळला आहे कीं तो पूर्वींपासूनचाच वाटावा. परंतु नांव मिळण्यापूर्वीं हीं माणसें केवळ कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बायको होतीं. नांव मिळाल्यावर तो एक वर्ग झाला, आणि वर्गाला मागणी करतां येते. ही संस्था व वेब्स्टरची जुनी परिषद यांचें पुढें १९८८ सालीं एकीकरण झालें.

तोंवर विवाहित स्त्रियांचा प्रश्न न्यायालयांत जाऊन पोंचला होता. एक विवाहित स्त्री १९८४ च्या मध्यापर्यंत निरनिराळ्या नोकऱ्या करीत होती. त्या वर्षीं जून महिन्यांत तिची अत्यंत विकल झालेली आई तिच्याकडे राहावयास आली, आणि आईच्या सेवेसाठीं तिनें नोकरी सोडली. १९८५ च्या फेब्रुवारींत तिनें भत्त्यासाठीं अर्ज केला. ती विवाहित असून नवऱ्याजवळ राहते, म्हणून तिला भत्ता नाकारण्यांत आला. ब्रिटन त्या वेळीं युरोपीय राष्ट्रसमूहांत होतें. आणि सामाजिक सुरक्षेच्या बाबतींत स्त्रीपुरुषांना समान वागवावें असा समूहाचा दंडक १९८४ च्या अखेरपासून लागू झाला होता. तेव्हां हें प्रकरण लक्झेंबर्ग येथील समूहाच्या न्यायालयापुढें गेलें. ड्रेक खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. भत्ता आजाऱ्याला मिळत नसून तिसऱ्याच माणसाला मिळतो, म्हणून समानतेचा नियम त्याला लागू नाहीं, असा तिच्याविरुद्धचा मुद्दा होता. १९८६ च्या जून महिन्याच्या २४ तारखेस न्यायालयानें तो मुद्दा अमान्य केला आणि त्या स्त्रीच्या बाजूनें निकाल दिला. मौज अशी कीं निकालाच्या आदल्याच दिवशीं, २३ तारखेस, ब्रिटिश सरकारनें विवाहित स्त्रियांनाहि भत्ता देण्याचें जाहीर करून टाकलें. 'नाहीं तरी घरींच असणारी' स्त्री अखेर कायद्याला दिसली.

एकदां दिसूं लागल्यावर मोजणीहि सुरू झाली. १९८५ च्या सरकारी पाहणींत ब्रिटनमधील अशा सेवा करणारांची संख्या सुमारें ६० लाख भरली. म्हणजे दर सात प्रौढ माणसांत एक. त्यांतील सुमारें ३५ लाख स्त्रिया व २५ लाख पुरुष होते. पुरुषांची ही संख्या पाहून अनेकांना आश्चर्य वाटलें. म्हाताऱ्या बायकोची सेवा करणारे म्हातारे नवरे हेहि आजवर अदृश्यच होते! १९९५ सालीं माल्कम विक्स या खासगी सभासदानें आणलेलें विधेयक पार्लमेंटनें संमत केलें. त्या कायद्याच्या नांवांतच 'मान्यता' हा शब्द आहे. वृद्धाच्या गरजांची सरकारी चौकशी होत असतां, 'मला हें काम कितपत झेपतें, याचीहि चौकशी करा' असें म्हणण्याचा हक्क सेवा करणाराला त्यानें दिला. २००१ च्या शिरगणतींत हा प्रश्न घरोघर प्रथमच विचारला गेला. २००४ च्या कायद्यानें ठरविलें कीं चौकशी करतांना सेवा करणाराला नोकरी, शिक्षण किंवा विरंगुळा हवा आहे काय, हेंहि पाहिलें पाहिजे. २०१४ च्या कायद्यानें इंग्लंडांत त्याचा हक्क रुग्णाच्या हक्काच्या बरोबरीस आणला. आणि २०२३ च्या कायद्यानें, २०२४ च्या एप्रिलपासून, नोकरींत असलेल्या सेवा करणाराला वर्षांतून एक आठवडा बिनपगारी रजेचा अधिकार मिळाला.

याचा अर्थ तेथें सारें आबादीआबाद आहे असा नव्हे. २०२४ सालीं हा भत्ता आठवड्याला ८१ पौंड ९० पेन्स एवढा होता. पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाला तो किती पुरणार? शिवाय आठवड्याची मिळकत १५१ पौंडांच्या मर्यादेवर एका पौंडानें जरी गेली तरी सगळा भत्ता बुडे. ही चूक खात्याच्या ध्यानांत कित्येकदां वर्षानुवर्षें येत नसे. मग एकदम हजारों पौंडांची परतफेड मागितली जाई. आईच्या उशाशीं बसून चार तासांची नोकरी करणारीवर कर्जाचा डोंगर कोसळे. त्या वर्षीं या प्रकाराचा बराच बोभाटा झाला. कायद्यानें डोळे उघडले म्हणजे त्याचें मन कोंवळें होतेंच असें नाहीं.

असो. इंग्लंडची ही कथा आपण कां ऐकावयाची? याचें उत्तर आपल्या स्वतःच्या कायद्यांत आहे. १९५६ च्या हिंदु दत्तक व पोषण कायद्यानें वृद्ध आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा व मुलगी या दोघांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें आईबापांना पोटगी मागण्याचा हक्क दिला. आणि ही जबाबदारी विवाहित मुलीवरहि आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका प्रकरणांतच दिला. पुढें २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. टाकून दिलेल्या वृद्धाला त्यानें दाद मागण्याची सोय केली, हें निश्चित मोठें काम आहे. परंतु तो कायदा वाचतांना १६०१ सालची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पैसा कोणीं द्यावा हें त्यांत स्पष्ट आहे. 'मुलें' या शब्दाची व्याख्या करतांना त्यानें मुलगा, मुलगी, नातू व नात यांचीं नांवें घेतलीं आहेत. आपल्या कित्येक घरांतून पहाटे उठून सासूला चहा पाजणारी, तिचें अंग पुसणारी आणि मग कामावर जाणारी जी सून, तिचें नांव त्या व्याख्येंत नाहीं. तिच्यावर पोटगीचा बोजा टाकावा असें मी म्हणत नाहीं. राबणारा हात कायद्याच्या नजरेंत कसा येत नाहीं, एवढेंच दाखवावयाचें आहे.

आपल्याकडेहि मोजणीला आरंभ झाला आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें लोक आपला दिवस कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. घरांतील माणसांची विनावेतन काळजी घेण्यांत, मग तीं लहान मुलें असोत कीं वृद्ध, त्या दिवशीं वेळ घालविणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा २७.६, तर पुरुषांचें शेंकडा १४ असें आढळलें. हे आंकडे म्हणजे निदान आपल्याला दिसूं लागल्याची खूण आहे. विश्रांतीची सोय, नांव, मोजणी आणि हक्क, हे सारे टप्पे इंग्लंडनें जवळजवळ साठ वर्षांत गांठले. आपल्याला तेवढीं वर्षें थांबण्याचें कारण नाहीं. कारण वाट कोठें अडली होती हें आतां ठाऊक आहे.

आपल्या महाराष्ट्राला सेवेचें महत्त्व शिकविण्याची कोणाला गरज नाहीं. आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकासाठीं देव विटेवर तिष्ठत उभा राहिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. देवानें सेवा थांबविली नाहीं, आणि सेवेंत असलेल्या भक्तावर तो रागावलाहि नाहीं. तो वाट पाहत राहिला. सेवा करणाराचा याहून मोठा गौरव कोणत्या देशांत झाला असेल? परंतु गौरव करणें आणि भार हलका करणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पुंडलिकाला एक रात्र झोंप मिळावी म्हणून उशाशीं कोण बसलें, हें कथा सांगत नाहीं. आपण त्याचें देऊळ बांधलें. त्याची पाळी घ्यावयाची मात्र राहून गेली.

कायदे व्हावयाचे तेव्हां होतील. तोंपर्यंत एक गोष्ट प्रत्येकाच्या हातीं आहे. आपण एखाद्या घरीं वृद्ध आजाऱ्याला पाहावयास जातों. त्याच्या प्रकृतीची चौकशी करतों, फळें ठेवतों, दोन धीराचे शब्द बोलतों आणि निघतों. निघतांना दाराशीं जी व्यक्ति आपल्याला पोंचवावयास येते, तिलाहि एक प्रश्न विचारावा: 'रात्रीं झोंप मिळते का?' आणि विचारून झाल्यावर उत्तर ऐकण्यासाठीं थोडें थांबावें. तें उत्तर ऐकून रविवारची दुपार किंवा एखादी रात्र त्या उशाशीं बसण्याची पाळी आपण घेतली, तर फारच उत्तम. भाऊबंदांनीं व बाहेरगांवीं असलेल्या मुलांनीं तर ती घेतलीच पाहिजे. ऐकण्याची इच्छा हाच शुश्रूषेचा मूळ अर्थ. जीं माणसें वर्षानुवर्षें दुसऱ्याची हांक ऐकत बसलीं आहेत, त्यांची शुश्रूषा या मूळ अर्थानें तरी आपल्याकडून व्हावी, इतकें सांगून आपला निरोप घेतों.